मोहरीएवढी पृथ्वी

आदित्य-एल१ हे भारताचे यान ६ जानेवारी २०२४ रोजी आपल्या नियोजित स्थानी पोहोचले, तेव्हा ‘भारत सूर्यापाशी जाऊन ठेपला’ असे उद्गार सुशिक्षितांच्या तोंडूनही ऐकू आले. यानाच्या कामगिरीत उणे काढण्याचा येथे हेतू नाही. ती मोठीच आहे. परंतु हे स्थान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे आणि सूर्य १५ कोटी किलोमीटरवर. म्हणजे शंभर पावलांच्या वाटेवर आपण एक पाऊल टाकले. त्या जागेचे महत्त्व सूर्याच्या सान्निध्यात नसून, तेथून सूर्य अखंड न्याहाळता येतो यात आहे. हे दोन्ही आकडे काही गुप्त नव्हते. त्यांच्यातील तफावत मात्र फारशी कोणाला जाणवली नाही.

अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला याचे नवल वाटत नाही. महाविद्यालयात नव्याने आलेल्या वर्गाला मी विचारतो, की एक लाख सेकंद म्हणजे किती काळ? उत्तर सव्वा दिवसाहून थोडे कमी असे आहे. एक कोटी सेकंद म्हणजे जवळजवळ चार महिने. आणि एक लाख कोटी सेकंद म्हणजे एकतीस हजारांहून अधिक वर्षे! अर्थसंकल्पातील ‘लाख कोटी’ सहजपणे उच्चारणारा विद्यार्थी येथे क्षणभर थबकतो. आकडा त्याला पाठ असतो, पण त्याचे माप मनात नसते; आणि ही सवय महाविद्यालयात लागत नाही. ती शाळेतून येते.

शाळेच्या पुस्तकातील सूर्यमालेचे चित्र आठवावे. एका कोपऱ्यात सूर्य आणि त्याच्यापुढे माळेतल्या मण्यांसारखे ओळीने आठ ग्रह. चित्रकाराचा यात दोष नाही, कारण पृथ्वी एक सेंटिमीटरची काढली तर सूर्य एक मीटरहून मोठा काढावा लागेल, तोही ११७ मीटर दूर. आणि नेपच्यून साडेतीन किलोमीटरवर जाईल. असे पान कोणी छापू शकत नाही. पण हे चित्र प्रमाणाला धरून नाही, हे मुलाला ठसवून सांगणे तरी शक्य आहे. ते सांगितले जात नाही. मूल चित्र खरे मानते आणि परीक्षेत १५ कोटी हा आकडा लिहून एक गुण मिळविते. दोहोंचा मेळ घालण्याची गरज त्याला कधी पडतच नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याने काय बिघडते? बिघडते ते असे, की चुकीच्या मापावर बरोबर कारणही समजत नाही. ग्रहणाचेच पाहा. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत आले की ग्रहण होते, हे मुलांना शिकविले जाते. मग दर पौर्णिमेला चंद्रग्रहण का होत नाही, असे एखादी चुणचुणीत मुलगी विचारते. चंद्राची कक्षा सुमारे पाच अंशांनी कललेली आहे, हे पुस्तकातले उत्तर बरोबरच आहे. पण पुस्तकातील चित्रात चंद्र पृथ्वीला जवळजवळ चिकटलेला असतो. तेथे पाच अंशांनी काय फरक पडणार? आता पृथ्वी म्हणून बास्केटबॉल घ्या आणि चंद्र म्हणून टेनिसचा चेंडू. हा चेंडू कोठे धरावा, असे विचारले तर मुलेच काय, मोठी माणसेही तो हातभर अंतरावर धरतात. त्याची खरी जागा सात मीटरांवर, बहुधा वर्गाच्या दुसऱ्या भिंतीपाशी आहे. तेवढ्या अंतरावर पाच अंश म्हणजे साठ सेंटिमीटर वर किंवा खाली. आणि पृथ्वीची सावली तेथे जेमतेम वीतभर रुंद. चंद्र बहुतेक वेळा सावलीला चुकवून का जातो, हे मग कोणी सांगावे लागत नाही.

सूर्यमालेसाठी मात्र वर्गाबाहेर पडावे लागते. मिरीचा दाणा पृथ्वी मानून हजार यार्डांची पायपीट करण्याची युक्ती गाय ऑटवेल यांनी १९८९ मध्ये पुस्तिकेच्या रूपाने मांडली. आपल्याकडे मिरीऐवजी मोहरी घेतली तर हिशेब आणखी सोपा होतो. एक मीटर म्हणजे एक कोटी किलोमीटर. सूर्य म्हणजे चौदा सेंटिमीटरचा, चांगला मोठा नारळ. तो शाळेच्या फाटकाशी ठेवून पंधरा मीटर चालावे आणि मोहरीचा एक दाणा ठेवावा; ही पृथ्वी. तिच्यापासून चार सेंटिमीटरवर रव्याचा बारीक कण, तो चंद्र. माणूस स्वतः आजवर गेला तो इतकाच दूर. गुरू म्हणजे ७८ मीटरांवरची गोटी, शनी १४३ मीटरांवर, आणि ज्वारीच्या दाण्याएवढा नेपच्यून ४५० मीटरांवर. एखाद्या गावात तेवढ्यात एस. टी.चा थांबाही येऊन जाईल. १९७७ मध्ये निघालेले व्हॉयेजर-१ अद्याप अडीच किलोमीटरांच्याच आसपास आहे. आणि यानंतरचा सर्वांत जवळचा नारळ? तो चार हजार किलोमीटरांवर, म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी या अंतराहूनही दूर.

या मापात प्रकाशाचा वेगही मोजून पाहावा. सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश येथे सेकंदाला तीन सेंटिमीटर सरकतो, मुंगीच्या चालीने. नारळापासून मोहरीपर्यंत यायला त्याला आठ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. पुस्तकातील ‘आठ मिनिटे’ मुलांनी पाठ केलेली असतात. ती येथे उभे राहून मोजता येतात.

खर्च म्हणाल तर स्वयंपाकघरातील चार दाण्यांचा. अडचण आहे ती वेळापत्रकाची. हा तास भूगोलाचा की विज्ञानाचा, मुलांना रस्त्यावर नेण्याची परवानगी कोणी द्यायची, अभ्यासक्रम कधी पुरा करायचा, या प्रश्नांत उत्साही शिक्षकाचाही पाय अडकतो. शाळाप्रमुखांनी वर्षातील एक शनिवार सकाळ याला दिली तर यांतील निम्मे प्रश्न उरत नाहीत. एक व्यावहारिक सूचना अशी, की दाणे जमिनीवर न ठेवता पुठ्ठ्यावर चिकटवावेत आणि प्रत्येक ग्रहापाशी एक मूल उभे करावे. नाहीतर परतताना पृथ्वी सापडत नाही. नेपच्यूनपाशी उभ्या राहिलेल्या मुलाला मात्र मागे वळून नारळ शोधायला सांगावे. एवढ्या लांबून तो दिसलाच तर ठिपक्याएवढा दिसेल, आणि मधला सारा रस्ता मोकळा.