आमदारांच्या हातात नेमकं काय असतं? साकोलीचं उदाहरण

तुमसर, भंडारा, साकोली: आपल्या भंडारा जिल्ह्यातले विधानसभेचे तीन मतदारसंघ. आमदारांनी एखादा प्रस्ताव सांगितला की आधी पाहायचं, तो विषय राज्याच्या अखत्यारीत येतो का.

🗳️ निवडणूक: फेब्रुवारी २०२१. साकोलीचे आमदार नाना पटोले तेव्हा विधानसभेचे अध्यक्ष होते. ईव्हीएमसोबत मतपत्रिकेचाही पर्याय देणारा कायदा करा, असं त्यांनी राज्य सरकारला सुचवलं. आधार होता संविधानाचा अनुच्छेद ३२८. पण त्यातच मेख आहे: संसदेनं तरतूद केलेली नसेल तिथंच राज्याला वाव. आणि ईव्हीएमची तरतूद लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६१-अ मध्ये आधीच आहे. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिकेच्या निवडणुकांबाबत मात्र विधिमंडळाला कायदा करता येतो.

💰 कर: व्यवसाय कर राज्याचा, पण अनुच्छेद २७६ नुसार वर्षाला कमाल २,५०० रुपयेच. एप्रिल २०२३ पासून महिन्याला २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे. आधी ही मर्यादा १०,००० होती. हा निर्णय राज्याच्या अर्थसंकल्पातला.

२०२४ मध्ये साकोलीचा विधानसभेचा निकाल अवघ्या २०८ मतांनी लागला, म्हणजे एकेक मत मोलाचं. म्हणून पुढच्या सभेत आमदारांना बिनधास्त विचारा: तुम्ही सांगता तो कायदा मुंबईत होणार की दिल्लीत?