जोडीने लढणारी इंजेक्शने

अतिदक्षता विभागात वरचेवर लागणारी साडेचार ग्रॅमची एक कुपी असते. तिच्यातल्या पांढऱ्या पुडीत पिपेरॅसिलीन ४ ग्रॅम आणि टॅझोबॅक्टम अर्धा ग्रॅम असते. ही पूड विरघळवून सलाइनमधून शिरेत सोडतात.

एका कुपीत दोन औषधे कशासाठी? पिपेरॅसिलीन हे पेनिसिलीनच्या कुळातले. जिवाणूची बाहेरची भिंत ते बांधू देत नाही, म्हणून जिवाणू मरतो. पण अनेक जिवाणू बीटा-लॅक्टमेज नावाचे विकर तयार करतात आणि ते विकर औषधाचे रेणूच तोडून टाकते. टॅझोबॅक्टम या विकराला चिकटून त्याला निकामी करते. ते ढाल धरते, वार पिपेरॅसिलीन करते.

मात्र विकरांचे प्रकार अनेक आहेत. सेफ्टाझिडीम-अविबॅक्टम ही जोडी कार्बापेनेम गटातली औषधे तोडणाऱ्या काही विकरांना आवरते, पण भारतात बऱ्याच प्रमाणात आढळणाऱ्या एनडीएम या विकरापुढे एकटी तोकडी पडते. अशा वेळी डॉक्टर तिच्यासोबत अॅझ्ट्रिओनाम देतात, कारण ते एनडीएमला तोडता येत नाही. चेन्नईच्या ऑर्किड फार्माने शोधलेल्या, अशीच विकरे निकामी करणाऱ्या एनमेटाझोबॅक्टमच्या सेफेपिमबरोबरच्या जोडीला २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ही आपल्यासाठी अभिमानाची बाब.

ही औषधे जपून वापरायला हवीत. शक्यतो पहिल्या डोसआधी रक्ताचा किंवा लघवीचा नमुना कल्चरसाठी पाठवावा आणि अहवाल आला की औषध बदलता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. पेनिसिलीनची अॅलर्जी असेल तर तेही आधीच सांगावे.