शत्रूच्या नावानं चांगभलं

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आला की अमेरिकेतल्या कोलंबस शहरात ‘एम’ या अक्षरावर संक्रांत येते. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या आवारात पाट्यांवर जिथे जिथे हे इंग्रजी अक्षर दिसेल तिथे लाल चिकटपट्टीची फुली मारली जाते. म्युझिक असो, मेडिकल असो की मेमोरियल, कुणाची सुटका नाही. कारण ‘एम’ म्हणजे मिशिगन, आणि त्या शनिवारी मिशिगनशी फुटबॉलचा सामना असतो. ओहायो स्टेटचे गाजलेले प्रशिक्षक वूडी हेज 1951 ते 1978 एवढा काळ त्या पदावर होते. मिशिगनचं नाव घेणं ते कटाक्षानं टाळत, ‘उत्तरेकडचं ते कॉलेज’ एवढंच म्हणत.

आधी एक खुलासा. हा फुटबॉल म्हणजे मेस्सीचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर चिलखत आणि सेकंदांच्या हिशेबानं सरकणारा खेळ. विद्यापीठांमधला पहिला सामना 6 नोव्हेंबर 1869 रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला. रटगर्सनं तो 6-4 असा जिंकला. आज मिशिगनच्या मैदानाची अधिकृत क्षमता 1,07,601 आहे. विद्यार्थ्यांच्या खेळासाठी लाखावर माणसं बसतील एवढं मैदान, ही गोष्ट आपल्याकडच्या माणसाला पहिल्यांदा ऐकताना थापच वाटते.

या मैदानांवर प्रत्येक विद्यापीठाचं स्वतःचं एक गाणं असतं. त्याला फाइट साँग म्हणतात. मार्चचा ठेका, मिनिटा-दीड मिनिटाचा जीव, आणि वाजवायला दोनशे-तीनशे पोरापोरींचा बँड. संघ मैदानात उतरताना ते वाजतं, जिंकल्यावर वाजतं आणि दर टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्याच्या रेषेपार नेला की, वाजतं. म्हणजे तुमची धुलाई चालू असेल तर समोरच्याचं गाणं तुम्हाला पाच-सहा वेळा मुकाट ऐकून घ्यावं लागतं. परक्याचं गाणं पाठ होतं ते असं. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकात ‘अरे आव्वाज कुणाचा’ अशी आरोळी ठोकून ज्यांनी घसा बसवून घेतला आहे, त्यांना या वेडाची जात लगेच कळेल. फरक एवढाच, की अमेरिकेत आरोळी ठोकणारा सत्तरीचा झाला तरी थांबत नाही.

मिशिगनचं ‘द व्हिक्टर्स’ हे या जातीचं सर्वांत नावाजलेलं गाणं. 1898 च्या थँक्सगिव्हिंगच्या दिवशी मिशिगननं शिकागो विद्यापीठाला 12-11 असं, म्हणजे अवघ्या एका गुणानं हरवलं. विजयानंतर बँडनं त्या काळचं एक उडतं लोकप्रिय गाणं वाजवलं. संगीत शिकणाऱ्या लुई एल्बेल नावाच्या विद्यार्थ्याला ते खटकलं. एवढा मोठा विजय आणि त्याला असली फुटकळ चाल? त्यानं स्वतःच गाणं रचलं. पुढच्याच वर्षी मार्चचा बादशहा जॉन फिलिप सूसा याच्या बँडनं ते वाजवलं. विद्यार्थिदशेत मिशिगनकडून खेळलेले जेराल्ड फोर्ड पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा राष्ट्राध्यक्षांच्या स्वागताच्या ठरलेल्या धूनऐवजी बँडनं हेच वाजवावं असं त्यांना वाटे.

आता गंमत पाहा. एल्बेल मूळचा इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडचा. साउथ बेंड म्हणजे नोत्र देम विद्यापीठाचं गाव, आणि नोत्र देम म्हणजे मिशिगनचा दुसरा हाडवैरी. त्या नोत्र देमला हा खेळ 1887 साली शिकवायला गेले होते तेही मिशिगनचेच विद्यार्थी. आणि ज्या शिकागोला हरवल्याच्या आनंदात गाणं जन्मलं, त्या शिकागोनं 1939 मध्ये मोठ्या स्तरावरचा फुटबॉल सोडूनच दिला. त्यांच्या रिकाम्या पडलेल्या स्टॅग फील्डच्या गॅलरीखाली 2 डिसेंबर 1942 रोजी एन्रिको फर्मीनं पहिली नियंत्रित अणुसाखळी अभिक्रिया घडवली. हरलेला अणुयुगात गेला, जिंकलेला अजून तेच गाणं गातो आहे.

मुद्दा हाच आहे. ही गाणी विजयाची म्हणून ओळखली जातात, पण ती उभी असतात शत्रूच्या खांद्यावर. आणि शत्रू बदलला, संपला, दूर गेला, तरी गाणं त्याला सोडत नाही.

उचलेगिरीही भरपूर. येल विद्यापीठाचं ‘बूला बूला’ 1900 च्या सुमाराचं, तेही आधीच्या एका गाण्यावरून घेतलेलं. 1905 मध्ये ओक्लाहोमाच्या पोरांनी तीच चाल उचलली आणि तिच्यावर ‘बूमर सूनर’ बेतलं. ओक्लाहोमा तेव्हा राज्यसुद्धा झालं नव्हतं. आज ‘बूला बूला’ कुणाला फारसं आठवत नाही, ‘बूमर सूनर’ मात्र दर शनिवारी कानठळ्या बसवतं. टेनेसीचं अधिकृत गाणंही येलच्याच चालीवर आहे, पण लोकांनी ते कधीच बाजूला सारलं. 1967 मध्ये ब्रायंट दांपत्यानं लिहिलेलं ‘रॉकी टॉप’ हे कंट्री गाणं 1970 च्या दशकात बँडनं वाजवायला घेतलं आणि तेच टेनेसीचं खरं गाणं झालं. पुढे ते राज्यगीतांपैकी एक ठरलं आणि 2014 मध्ये लेक सिटी नावाच्या गावानं आपलं नावच बदलून रॉकी टॉप केलं. विरोधकांना या गाण्याचा मनस्वी तिटकारा आहे, कारण टेनेसीचा बँड ते थांबवतच नाही.

सर्वांत चोख चोरी मात्र विस्कॉन्सिनची. 1909 साली मिनेसोटा विद्यापीठानं गाण्याची स्पर्धा ठेवली होती, बक्षीस 100 डॉलर. विल्यम पर्डी नावाच्या संगीतकारानं तिच्यासाठी चाल बांधली. त्याचा मित्र कार्ल बेक विस्कॉन्सिनला शिकलेला. त्यानं पर्डीला गळ घातली की ही चाल मिनेसोटाला देऊ नकोस, आम्हाला दे. शब्द बेकनं लिहिले आणि ‘ऑन, विस्कॉन्सिन’ तयार झालं. 1959 मध्ये ते त्या राज्याचं अधिकृत गीत झालं. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन 1890 पासून एकमेकांशी खेळतात. म्हणजे मिनेसोटाच्या प्रेक्षकांना आपल्याच मैदानावर, आपल्याचसाठी बांधलेली चाल शेजाऱ्याच्या बँडकडून ऐकावी लागते!

लिहिणारे बहुतेक हौशी. दक्षिण कॅलिफोर्नियाचं ‘फाइट ऑन’ 1922 मध्ये मायलो स्वीट या दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यानं रचलं. नोत्र देमचं मायकल आणि जॉन शे या भावांनी 1908 मध्ये. चाल मायकलची, शब्द जॉनचे. त्या शब्दांत विद्यापीठाचे फक्त सुपुत्र होते. मुलींना 1972 मध्ये प्रवेश मिळाला आणि गाण्यात जागा मिळायला 2022 उजाडलं. याउलट येलला असताना ‘बुलडॉग’ लिहिणारा कोल पोर्टर पुढे ब्रॉडवेचा थोर गीतकार झाला. पण हा अपवाद. भल्याभल्या व्यावसायिकांना जे जमत नाही ते एका दाताच्या डॉक्टरला जमून जातं, याचं कारण मला वाटतं ते असं की त्याला खुन्नस खरी होती.

शत्रूचं नाव गाण्यात घालायचं की नाही, यावर दोन पंथ आहेत. टेक्सास ए अँड एमचा पंथ उघड शिव्या देणाऱ्यांचा. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनीत ऱ्हाइन नदीवर पहाऱ्याला असलेल्या पिंकी विल्सन या त्यांच्या विद्यार्थ्यानं 1918 मध्ये त्यांचं युद्धगीत लिहिलं. घरापासून हजारो मैलांवर, नुकत्याच संपलेल्या युद्धाच्या मैदानात बसून या गड्याला आठवण झाली ती ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाचं नाक कापण्याची. गाण्यात तो भाग आला की हजारो प्रेक्षक एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून एक ओळ डावीकडे, तिच्यामागची उजवीकडे असे डुलतात. टेक्सासच्या संघाचं चिन्ह लांब शिंगांचा बैल. त्याची शिंगं करवतीनं कापल्याचा तो अभिनय. गॅलरी अक्षरशः हलते.

2011 मध्ये ए अँड एम विद्यापीठांच्या दुसऱ्या स्पर्धागटात जायला निघालं आणि हा सामना बंद पडला. शेवटच्या सामन्यात टेक्सास 27-25 असं जिंकलं होतं. पुढची 13 वर्षं टेक्सासचा संघ समोर नसताना, भलत्याच पाहुण्यांपुढे ए अँड एमचे प्रेक्षक टेक्सासची शिंगं कापत राहिले. समोरच्या संघाला वाटत असेल, अरे, आम्ही कोण? 30 नोव्हेंबर 2024 ला शत्रू अखेर परत आला आणि 17-7 असं जिंकून गेला.

अलाबामाची कथा उलटी. 1926 च्या रोझ बोल सामन्यात अलाबामानं वॉशिंग्टनला 20-19 असं हरवलं, त्यानंतर विद्यार्थ्यांच्या एका विनोदी मासिकानं गाण्याची स्पर्धा लावली. त्यातून ‘ये, अलाबामा’ आलं. त्यात जॉर्जियाचा उद्धार आहे, जॉर्जिया टेकला तर जलसमाधी दिलेली आहे. पण ज्या ऑबर्नशी अलाबामाचं विळ्याभोपळ्याचं सख्य, त्याचा अवाक्षरानंही उल्लेख नाही. कारण साधं आहे. 1907 नंतर खेळाडूंचे भत्ते आणि पंच कुठून आणायचे यावरून दोन्ही विद्यापीठांचं फाटलं आणि 1948 पर्यंत त्यांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नाही. गाणं जन्मलं ते नेमकं त्या अबोल्यात. जॉर्जिया टेकनं 1964 मध्ये अलाबामाचा स्पर्धागट सोडला. पण गाण्यात त्याला अजून दरवर्षी बुडवतात.

ऑबर्नचं वैर गाण्यात नसलं तरी रक्तात आहे. ऑबर्न गावात टूमर्स कॉर्नर म्हणून चौक आहे. तिथल्या दोन जुन्या ओक वृक्षांवर विजयानंतर टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या फेकायच्या, झाडं पांढरीफेक होईपर्यंत, असा रिवाज. 2010 च्या सामन्यात अलाबामा 24-0 असं पुढे होतं आणि ऑबर्ननं 28-27 असं उट्टं काढलं. काही दिवसांनी अलाबामाच्या साठी ओलांडलेल्या एका भक्तानं त्या झाडांच्या मुळांशी तणनाशक ओतलं. वर रेडिओच्या कार्यक्रमात फोन करून तशी फुशारकी मारली. झाडं वाचली नाहीत, 2013 मध्ये ती काढावी लागली. त्या गृहस्थानं तुरुंगवास भोगला. याला खेळावरचं प्रेम म्हणणारे लोक मला भेटतात. माझ्या लेखी ही विकृती आहे आणि तिला गोंडस नाव देऊ नये.

गाण्यांच्या पोटातही काळंबेरं आहे. टेक्सास विद्यापीठाचं ‘द आइज ऑफ टेक्सास’ 1903 मध्ये पहिल्यांदा सादर झालं ते मिन्स्ट्रेल कार्यक्रमात, म्हणजे गोऱ्यांनी तोंडाला काळं फासून काळ्यांची टिंगल करायचे त्या प्रकारात. पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा मृत्यू झाल्यानंतर 2020 च्या जूनमध्ये टेक्सासच्या खेळाडूंनीच हे गाणं बदलण्याची मागणी केली. विद्यापीठानं समिती नेमली, आणि समितीनं गाणं रचण्यामागे वर्णद्वेषी हेतू नव्हता असा निर्वाळा दिला. गाणं राहिलं. मिसिसिपी विद्यापीठाच्या बँडनं मात्र गुलामगिरीच्या बाजूनं लढलेल्या दक्षिणेची आठवण जागवणारं ‘डिक्सी’ 2016 मध्ये वाजवणं बंद केलं. मिसिसिपीनं शहाणपण केलं असं माझं मत. ते गाणं काढल्यानं संघाचा एक गुणही कमी झालेला नाही.

बँड स्वतःच खेळात उतरल्याचंही उदाहरण आहे. 20 नोव्हेंबर 1982, बर्कली. स्टॅनफर्ड 20-19 असं पुढे आणि घड्याळात फक्त 4 सेकंद. स्टॅनफर्डनं चेंडू लाथाडला, बर्कलीच्या खेळाडूंनी तो धरला आणि एकमेकांकडे मागे फेकत पळत सुटले, एकदा नव्हे, पाच वेळा. सामना संपला अशा समजुतीनं स्टॅनफर्डचा बँड वाजतगाजत मैदानात घुसला. त्या गर्दीतून वाट काढत केव्हिन मोएननं रेषा ओलांडली आणि तो थेट एका ट्रॉम्बोनवाल्याच्या अंगावर कोसळला. निकाल 25-20. जिंकण्याआधी गाणं वाजवू नये हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच कुणी शिकलं असेल.

आता हे सगळं पैशानं विस्कटतं आहे. दूरचित्रवाणीच्या कंत्राटांपायी 2024 मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा आग्नेयेच्या गटात गेले. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट या सख्ख्या शेजाऱ्यांचा शतकभर चाललेला वार्षिक सामना 2023 मध्ये थांबला. पॅसिफिकच्या काठावरचे स्टॅनफर्ड आणि बर्कली आज अटलांटिक किनाऱ्याच्या नावाच्या गटात खेळतात! 2025 पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसेही देऊ लागली आहेत. पोरांना त्यांच्या घामाचे पैसे मिळतात याचा आनंदच आहे. पण दरवर्षी विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूला त्या गाण्यातल्या शत्रूशी काय देणंघेणं? देणंघेणं आहे ते गॅलरीत बसलेल्याला. 30 नोव्हेंबर 2024 लाच मिशिगननं कोलंबसला येऊन 13-10 अशी बाजी मारली आणि त्यांचे खेळाडू मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवायला गेले. हाणामारी झाली, पोलिसांना मिरपुडीचा फवारा मारावा लागला, दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी 1 लाख डॉलर दंड झाला. तोच ओहायो स्टेट संघ पुढे जानेवारीत राष्ट्रीय विजेता ठरला. मिशिगनशी हरल्याचं शल्य त्या चषकानं गेलं का, हे कोलंबसच्या कुणालाही विचारून पाहा.

वैर कसं करावं याचा धडा मात्र लष्करी अकादम्या देतात. भूदल आणि नौदल यांच्या अकादम्या 1890 पासून खेळतात. आज सगळ्या अमेरिकी नौदलाचं झालेलं ‘अँकर्स अवे’ हे मुळात 1906 च्या त्या सामन्यासाठीच रचलं गेलं होतं, आणि नौदलानं तो 10-0 असा जिंकला. सामना संपला की दोन्ही संघ आधी हरलेल्यांच्या विद्यार्थ्यांसमोर जाऊन उभे राहतात आणि हरलेल्यांचं अकादमीगीत होतं. मग सगळे मिळून जिंकलेल्यांकडे जातात आणि त्यांचं गीत होतं. दुसऱ्यांदा गाणं म्हणजेच जिंकणं. त्या दिवशी गॅलरीतले पुष्कळ जण काही वर्षांनी एकाच युद्धावर जाणार असतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

आपली शेकडो मराठी मुलं-मुली या विद्यापीठांत एमएस करायला जातात, आणि आईवडील भेटीला गेले की नायगारा आणि न्यूयॉर्क बघून परततात. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात जाणं झालं तर एक शनिवार राखून ठेवा. सामन्याच्या तासभर आधी पोहोचा, कारण पाहण्यासारखा असतो तो बँडचा मैदानप्रवेश. आणि निघण्याआधी पाहुण्यांचा रंग कोणता ते मुलांना विचारून घ्या. कोलंबसला मिशिगनचा निळा-पिवळा कुडता चालणार नाही.