यूपीएस घेण्याआधी घरची अर्थिंग पाहा

बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी आधी दात पाहतो, बैल चालवून पाहतो आणि मगच खिशात हात घालतो. पण संगणकाला यूपीएस घ्यायचा झाला की आपण दुकानदार देईल तो डबा उचलून घरी येतो. आम्हीही तसेच केले होते.

परतीच्या पावसाचे दिवस होते. मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, सारे संगणकात भरून ठेवलेले. संध्याकाळी वीज कडाडली, लाइट दोनदा लुकलुकली, यूपीएसने एकदा शिट्टी दिली आणि संगणकासकट तोही गप्प झाला. हार्ड डिस्क कायमची गेली. मूळ कागद हाताशी होते म्हणून रात्री जागून शेजाऱ्यांच्या संगणकावर अर्ज भरला. पै पै साठवून घेतलेली वस्तू मात्र गेली.

दुसऱ्या दिवशी वायरमनने बोर्ड उघडला. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थिंगची तारच जोडलेली नव्हती! विजेचा वाढीव झटका अडवणारा स्पाइक गार्ड त्यातला बराचसा भाग अर्थिंगच्या वाटेने जमिनीत सोडतो. ती वाटच नसेल, तर तो पुरते काम कसा करणार? म्हणून पहिला खर्च अर्थिंगचा. वायरमनकडून मीटरने तपासून घ्यावे. फेज आणि अर्थिंग यांच्यात सुमारे २३० व्होल्ट दिसावेत, न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात दोन-तीन व्होल्टांहून अधिक नसावेत. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायला विसरू नये.

स्पाइक गार्ड घेतानाही डोळे उघडे ठेवावेत. बाजारात त्या नावाने विकले जाणारे काही बोर्ड म्हणजे नुसती चार सॉकेटे आणि एक फ्यूज. डब्यावर झटका सोसण्याची क्षमता ‘ज्यूल’मध्ये लिहिलेली आहे का, ते पाहावे. आतला झटका शोषणारा भाग प्रत्येक मोठ्या झटक्यानिशी झिजतो. तो शाबूत असल्याचा दिवा विझला की स्पाइक गार्ड बदलावा.

आता यूपीएस. गावाकडे लाइट नुसती जात नाही, तिचा दाबही कमी-जास्त होतो. विहिरीवरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की घरातला दिवा मंदावतो, हे आपण पाहतोच. म्हणून साध्या यूपीएसपेक्षा ‘लाइन इंटरॅक्टिव्ह’ प्रकारचा घ्यावा. दाब थोडाफार उतरला किंवा चढला तरी तो बॅटरीला हात न लावता तो सावरून घेतो. त्यामुळे बॅटरी वाचते.

डब्यावरचा ‘६०० व्हीए’ हा आकडा पाहून हुरळू नये. अशा यूपीएसची खरी ताकद बहुधा ३६० वॅटच्या आसपास असते. तेव्हा वॅटचा आकडा विचारावा. घरगुती संगणक आणि मॉनिटर मिळून साधारण १०० ते २०० वॅट घेतात, त्यांना एवढा यूपीएस पुरतो. लेझर प्रिंटर मात्र त्यावर कधीही लावू नये. तो तापताना एकदम भरमसाट वीज ओढतो. आमच्या यूपीएसवर तो लावलेला होता, हीही आमचीच चूक.

यूपीएसवर तासभर काम होईल, ही आशा सोडावी. आतली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवर्सची बॅटरी १०० वॅटच्या संगणकाला दहा-पंधरा मिनिटे चालवते. काम जतन करून संगणक रीतसर बंद करायला तेवढा वेळ पुरे. तास-दोन तास अभ्यास करायचा असेल तर इन्व्हर्टर पाहावा. लाइट गेल्यावर तो किती वेळात सुरू होतो, हे विचारून घ्यावे, नाहीतर संगणक मधेच बंद पडेल.

बॅटरी दोन ते चार वर्षांत थकते. दर दोन-तीन महिन्यांनी, काम जतन करून, यूपीएसचे सॉकेट बंद करावे आणि संगणक किती मिनिटे चालतो ते पाहावे. आमची चार वर्षांची बॅटरी एक मिनिटही टिकली नाही, ती अशी आधीच कळली असती. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नये, आत शिसे आणि आम्ल असते. नवी घेताना जुनी दुकानदाराकडे द्यावी. वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी २०२२च्या नियमांनी उत्पादकांवर टाकलेली आहे.

शेवटी एक बिनपैशाचा उपाय. आभाळ गडगडू लागले की काम थांबवावे, संगणक बंद करून प्लग काढावा आणि इंटरनेटची तारही काढावी. जवळच पडलेली वीज कोणताही स्पाइक गार्ड अडवील याची खात्री नाही. मुलांचे दाखले आणि गुणपत्रिका यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर वेगळी ठेवावी. संगणक पुन्हा घेता येतो, पण हुकलेल्या शिष्यवृत्तीचे वर्ष परत येत नाही.