उपचारात आईबापही हवेत

सांगलीजवळच्या माधवनगरला लागून असलेल्या कुपवाडमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी शंभर किलोंहून अधिक एमडी, म्हणजे मेफेड्रोन, जप्त केलं. साधारण महिन्याभराने मुंबई पोलिसांनी कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत कारखानाच उघडकीला आणला, आणि जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळ आणखी एक सापडला. या कारवाया हव्यातच. पण माल पकडला म्हणून पोराची तलफ जात नाही, आणि पोरांची नशा एमडीनेच सुरू होते असंही नाही. ‘एम्स’च्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात एकाच प्रकारात मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त निघालं: हुंगायची नशा. मुलांमध्ये १.१७ टक्के, मोठ्यांमध्ये ०.५८. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्युशन कुठल्याही दुकानात मिळतं. तिथे छापा तरी कशावर घालणार? म्हणून चोरी-मारामारीत सापडलेलं नशेतलं पोर बाल न्याय मंडळापुढे उभं राहतं, तो दिवस मला छाप्याच्या दिवसापेक्षा मोलाचा वाटतो.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याने मंडळाच्या हातात पुष्कळ काही दिलं आहे. कलम १८ खाली मुलाचं आणि पालकांचं समुपदेशन, व्यसनमुक्तीचा कार्यक्रम, ठरावीक अड्ड्यावर जायला बंदी असे आदेश देता येतात. मुलाला नशा पुरवणाऱ्याला आणि त्याच्या हातून माल विकवणाऱ्याला मात्र सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. मंडळाच्या आदेशातलं पालकांना सोबत घेणं हे सौजन्य म्हणून नव्हे, तर उपचाराचा गाभा म्हणून व्हायला हवं. अमेरिकेत फिलाडेल्फिया आणि फिनिक्स इथल्या गंभीर गुन्हे केलेल्या १,३५४ मुलांचा सात वर्षं पाठपुरावा झाला. व्यसनावरच्या उपचाराने त्यांची नशा कमी झाली. पण गुन्हे कमी झाले ते घरची माणसं उपचारात सामील होती तिथेच. हा परिणाम मर्यादित काळापुरताच दिसला, हेही सांगितलं पाहिजे. मात्र संस्थेतला मुक्काम लांबवून पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण घटलं नाही, हेही त्याच अभ्यासात आढळलं.

यावर पहिला आक्षेप संतापातून येतो, आणि तो संताप खोटा नाही. १९ मे २०२४ ला पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण जिवानिशी गेले, आणि अल्पवयीन चालकाला तीनशे शब्दांच्या निबंधावर जामीन मिळाला. दारू सोडवण्यासाठी समुपदेशनाची अटही त्याच आदेशात होती, पण निबंधापुढे ती कुणाच्या लक्षात राहिली नाही. निबंध तासाभरात लिहून होतो. खरा उपचार महिनोन् महिने चालतो: ठरल्या दिवशी हजेरी, आईबापांनाही बसावं लागतं, परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मंडळाकडे जातो, टाळाटाळ केली तर पुन्हा बोलावणं येतं. याला सूट म्हणता येणार नाही. ‘थोडी भीती दाखवा, आपोआप सुधारतील’ हेही पारखून झालं आहे. मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकरवी धाक घालण्याचे अमेरिकेतले प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा तशी नेलेली मुलं न नेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे करताना आढळली.

सगळ्यात अवघड प्रश्न वेगळाच आहे: बापच रोज पिऊन येत असेल तर? अशा घरी पोराला नुसतं सोपवून देणं क्रूरपणाचं आहे. तिथे आई, आजी, मामा, एखादे शिक्षक, जो खंबीर असेल त्याला धरावं, आणि बापाचा उपचार पोराच्या उपचारातच मोजावा. घरात जिवाला धोका असेल तर निरीक्षणगृह हवंच. पण उपचार तिथेच सुरू व्हावा आणि सुटकेनंतर खंडू नये. तो बहुधा खंडतो पैशाच्या कारणाने. माधवनगरच्या मजूर आईला दर आठवड्याला सांगलीला यायचं म्हणजे एक रोज बुडवणं. ती आली नाही, तर ‘पालक सहकार्य करत नाहीत’ असा शेरा फाइलवर पडतो. समुपदेशकाने रविवारी किंवा संध्याकाळी माधवनगरच्याच एखाद्या शाळेच्या खोलीत बसावं, एवढी सोय जिल्हा प्रशासनाला नक्कीच करता येईल.