थीम पार्कमधील भावी राइडविषयीची अनुमाने

थीम पार्कमध्ये पुढे कोणती राइड उभारली जाईल आणि ती कोणत्या तंत्रावर चालेल, याविषयी चाहते अधिकृत घोषणेपूर्वी जे अंदाज बांधतात, त्यांना राइडविषयीची अनुमाने म्हटले जाते. अशा अनुमानांमागे कधी सरकारी कागदपत्रे, पेटंट किंवा बांधकामस्थळाची छायाचित्रे असतात, तर कधी केवळ इच्छा असते. पुरावा आणि इच्छा यांतील हा फरक ओळखता आला, तरच अनुमानाचे मूल्य ठरवता येते.

पार्श्वभूमी

रोलर कोस्टरच्या चाहत्यांची अमेरिकन कोस्टर एन्थुझियास्ट्स ही संघटना १९७८ मध्ये स्थापन झाली. भारतात मोठी मनोरंजन उद्याने उशिरा आली. दिल्लीतील अप्पू घर १९८४ मध्ये, तर मुंबईतील गोराई येथील एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले. २०१३ मध्ये रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ अ‍ॅडलॅब्ज इमॅजिका हे थीम पार्क खुले झाले. त्यापूर्वी महाराष्ट्रातील बहुतेकांचा अशा यंत्रांशी परिचय जत्रेतील आकाशपाळण्यापुरता होता. इमॅजिकातील नायट्रो हा स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड मॅबिलार्ड या कंपनीने बनवलेला रोलर कोस्टर आहे. त्याच्या आसनांखाली तळ नाही, त्यामुळे प्रवाशांचे पाय अधांतरी राहतात. संपूर्ण फेरीत प्रवासी पाच वेळा उलटे होतात.

पुराव्याचे प्रकार

बांधकामस्थळी आलेले रुळांचे तुकडे हा सर्वांत भक्कम पुरावा मानला जातो. प्रत्येक उत्पादकाच्या रुळाची घडण वेगळी असते. बोलिगर अँड मॅबिलार्डच्या रुळाचा मधला कणा चौकोनी पेटीसारखा असतो, तर इन्टामिनच्या अनेक कोस्टरचे रूळ नळ्या जोडून केलेल्या जाळीचे असतात. त्यामुळे एका छायाचित्रावरूनही उत्पादक ओळखता येतो आणि उत्पादकावरून राइडच्या प्रकाराचा अंदाज बांधता येतो.

भारतात सरकारी नोंदी उपयोगी पडतात. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम क्षेत्राच्या प्रकल्पांना पर्यावरणविषयक मंजुरी लागते. अशा प्रकल्पांचे अर्ज केंद्र सरकारच्या परिवेश या संकेतस्थळावर पाहता येतात. शेअर बाजारात नोंदणी असलेल्या कंपन्यांना आपले महत्त्वाचे निर्णय जाहीर करावे लागतात. वंडरला हॉलिडेज २०१४ मध्ये आणि इमॅजिकाची तत्कालीन मालक कंपनी २०१५ मध्ये शेअर बाजारात आली. त्यामुळे त्यांचे वार्षिक अहवाल हाही अनुमानाचा एक आधार ठरतो.

पेटंट हा सर्वांत फसवा पुरावा आहे. कंपन्या अनेक कल्पनांचे हक्क केवळ राखून ठेवण्यासाठी नोंदवतात. पेटंट मिळाले, याचा अर्थ राइड उभारली जाणार असा होत नाही.

तंत्रज्ञानाच्या मर्यादा

पारंपरिक रोलर कोस्टरमध्ये साखळीने गाडी उंच नेली जाते आणि पुढील प्रवास गुरुत्वाकर्षणावर होतो. अशा राइडचा कमाल वेग उतारावरून काढता येतो. ५० मीटरच्या उतारानंतर, घर्षण शून्य धरले तरी, वेग ताशी सुमारे ११३ किलोमीटरच असू शकतो. तेवढ्याच उतारावर ताशी १५० किलोमीटर वेगाची चर्चा होत असेल, तर गाडीला बाहेरून ऊर्जा मिळणे आवश्यक ठरते.

ही ऊर्जा देण्याच्या पद्धती बदलत गेल्या आहेत. १९९६ मध्ये अमेरिकेतील फ्लाइट ऑफ फियर या राइडमध्ये गाडीला वेग देण्यासाठी रेषीय विद्युत मोटर वापरण्यात आली. २००५ मध्ये न्यू जर्सीतील किंगडा का या राइडने द्रवदाबाच्या साहाय्याने ताशी २०६ किलोमीटर वेग गाठला आणि गाडी १३९ मीटर उंचीवर नेली. वेग किंचित कमी पडल्यास गाडी शिखर न ओलांडता मागे येई. तिला थांबवण्यासाठी प्रक्षेपण मार्गावर स्वतंत्र ब्रेक बसवलेले होते. ही राइड २०२४ मध्ये बंद झाली. टोकियो डिस्नेलँडमध्ये २००० साली सुरू झालेल्या पूज हनी हंटमध्ये रुळांविना चालणारी वाहने आली, तर ऑरलँडोतील हॅरी पॉटरवर आधारित राइडमध्ये २०१० साली औद्योगिक रोबोटच्या भुजेवर आसने बसवण्यात आली.

राइडच्या क्षमतेचाही अंदाज बांधता येतो. मार्गाचे खंड पाडलेले असतात आणि एका खंडात एका वेळी एकच गाडी येऊ शकते. २४ आसनांची गाडी दर ९० सेकंदांनी सुटत असेल, तर तासाला जास्तीत जास्त ९६० प्रवासी जाऊ शकतात.

स्थळाच्या मर्यादा

विमानतळांच्या परिसरात इमारती व मनोऱ्यांच्या उंचीवर विमानसुरक्षेसाठी निर्बंध असतात. नागपूरचे विमानतळ सोनेगाव येथे असून हिंगणा तेथून फार दूर नाही. त्यामुळे हिंगणा परिसरात १०० मीटर उंच रोलर कोस्टरची कल्पना करायची असल्यास तंत्रज्ञानाआधी उंचीची परवानगी पाहावी लागते. पाण्याची उपलब्धता, उन्हाळ्यातील तापमान आणि पावसाळ्यात राइड बंद ठेवावी लागण्याची शक्यता यांचाही विचार करावा लागतो. नागपुरात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जात असल्याने उघड्यावरील राइडपेक्षा बंदिस्त राइडचे अनुमान अधिक तर्कसंगत ठरते.

चुकलेली अनुमाने आणि परिणाम

फ्लोरिडातील डिस्नेज अ‍ॅनिमल किंगडम १९९८ मध्ये सुरू झाले, तेव्हा तेथे काल्पनिक प्राण्यांवर आधारित बीस्टली किंगडम हा विभाग नियोजित होता. त्याविषयी चाहत्यांत अनेक वर्षे चर्चा झाली, परंतु तो उभारला गेला नाही. त्यासाठी विचारात असलेल्या जागेवर २०१७ मध्ये अवतार चित्रपटावर आधारित पँडोरा हा विभाग खुला झाला. मूळ योजना खरी होती, तरी तिच्यावरून बांधलेले अनुमान चुकले.

अशा चुका नेहमीच निरुपद्रवी नसतात. मोठ्या प्रकल्पाच्या केवळ चर्चेनेही आसपासच्या जमिनीचे भाव चढू शकतात. मंजुरीचा कागद न पाहता व्यवहार करणाऱ्याचे त्यात नुकसान होते. दुसरा परिणाम सुरक्षिततेविषयीच्या समजुतीवर होतो. चाहत्यांची चर्चा बहुधा उंची आणि वेगाभोवती फिरते. प्रत्यक्षात प्रवाशाची सुरक्षितता आसनाची अडकण, दोन गाड्यांमधील अंतर राखणारी नियंत्रण यंत्रणा, प्रवाशाच्या किमान उंचीची अट आणि रोजची तपासणी यांवर अवलंबून असते. यांपैकी तपासणीची गुणवत्ता बांधकामस्थळाच्या छायाचित्रावरून किंवा पेटंटवरून कळत नाही. ती राइड चालू झाल्यानंतरच्या देखभालीतूनच दिसून येते.