समुद्रकाठचा सपाट मुलूख आणि सायकलीची वाट

हिंगोली जिल्ह्यातील गोरेगाव (ता. सेनगाव) आणि भोवतालच्या गावांत सायकल ही हौसेची वस्तू नाही. वाडीवस्तीवरून माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलामुलींचे ते साधन आहे. शाळेपासून पाच किलोमीटरच्या परिसरात राहणाऱ्या, आठवी ते बारावीत शिकणाऱ्या गरजू मुलींना सायकली देण्याची योजना राज्याच्या मानव विकास कार्यक्रमाखाली हाती घेण्यात आली आणि या कार्यक्रमात हिंगोली जिल्ह्याचाही समावेश करण्यात आला. पाच किलोमीटर पायी तोडावयास तासाहून अधिक वेळ लागतो. सायकलीने तेच अंतर वीस-पंचवीस मिनिटांत संपते. मुलीची शाळा चालू राहते की सुटते, हे पुष्कळदा या फरकावर ठरते. परंतु सायकल हाती आली म्हणजे वाटही मिळाली, असे होत नाही.

सायकलीच्या वाटेचा विचार ज्या देशाने अत्यंत बारकाईने केला, तो म्हणजे नेदरलँड्स. आपल्याकडे तो हॉलंड या नावाने अधिक परिचित आहे. वस्तुतः हॉलंड हे त्या देशातील केवळ दोन प्रांतांचे नाव. या देशाच्या समुद्रकाठच्या सपाट प्रदेशातून सायकलीने भ्रमण करण्यासाठी दरवर्षी देशोदेशींचे प्रवासी येतात. पर्यटनाची ही सोय कशी उभी राहिली, हे ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी समजून घेण्यासारखे आहे, कारण तिच्या मुळाशी पर्यटन फारसे नाहीच. तिच्या मुळाशी बांध आहेत आणि शाळेत जाणारी मुले आहेत.

समुद्रसपाटीखालील रस्ते

नेदरलँड्सची सुमारे एक चतुर्थांश भूमी समुद्रसपाटीच्या खाली आहे. दलदल किंवा सरोवर बांधाने वेढावयाचे, आतील पाणी उपसून कालव्यात टाकावयाचे आणि उघड्या पडलेल्या तळावर शेती करावयाची, ही तेथील शेकडो वर्षांची रीत. अशा जमिनीला ‘पोल्डर’ म्हणतात. पाणी उपसण्याचे काम पूर्वी पवनचक्क्या करीत. पुढे वाफेची यंत्रे आणि त्यानंतर विजेचे पंप आले. १६१२ साली कोरडे केलेले बेमस्टर हे सरोवर या पद्धतीचा नामांकित नमुना असून १९९९ साली त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तेथील रस्ते, चर आणि शेते पट्टीने आखल्यासारखी सरळ आहेत.

समुद्राच्या बाजूस वाळूच्या टेकड्यांची रांग आहे. उत्तरेकडील डेन हेल्डरपासून दक्षिणेकडील हूक ऑफ हॉलंडपर्यंत या टेकड्यांतून आणि त्यांच्या पायथ्याने सायकलीची वाट जाते. तिच्यावरून जाणाऱ्या प्रवाशाच्या एका हाताला टेकड्यांवरील गवत आणि त्यापलीकडे समुद्र, तर दुसऱ्या हाताला फुलांची शेते, कालवे आणि चरणारी गुरे दिसतात. वाट सर्वत्र सपाट असते, असेही नाही. स्कोर्ल गावाजवळ वाळूच्या टेकड्या पन्नास मीटरहून अधिक उंच आहेत आणि तेथे सायकलस्वाराला घाम गाळावा लागतो.

खरा त्रास मात्र चढाचा नसून वाऱ्याचा आहे. अडविणारा डोंगर नसल्याने समुद्रावरून येणारा वारा थेट अंगावर येतो. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेचा वेग दुप्पट झाला तर विरोध चौपट होतो. तेथील वारा बहुतांशी नैर्ऋत्येकडून वाहतो. म्हणून जाणते प्रवासी दक्षिणेकडून निघून उत्तरेकडे जातात. झीलंड प्रांतातील समुद्ररोधक धरणावर २०१३ साली तर चक्क उलट्या वाऱ्यात सायकल चालविण्याची स्पर्धाच सुरू झाली. साडेआठ किलोमीटरच्या या शर्यतीत सर्वांना सारखी, गिअर नसलेली साधी सायकल मिळते, आणि वादळाचा अंदाज आल्याखेरीज स्पर्धेचा दिवस जाहीर होत नाही.

परक्या प्रवाशाला वाट सापडावी यासाठी केलेली योजना विलक्षण सोपी आहे. जेथे सायकलीच्या दोन वाटा मिळतात, त्या ठिकाणाला क्रमांक दिलेला असतो आणि पुढील क्रमांकाकडे जाणारा बाण फलकावर असतो. निघताना पाच-सहा आकडे कागदावर टिपून घेतले की गावांची नावे वाचता न येणाराही मुक्कामी पोचतो. ही पद्धती मूळची शेजारच्या बेल्जियममधील. ह्यूगो बोलेन या खाण-अभियंत्याच्या कल्पनेतून १९९५ साली लिंबर्ग प्रांतात ती अमलात आली आणि मागाहून नेदरलँड्सभर पसरली.

बांधाचे पालकत्व

या प्रदेशातील पुष्कळशा सायकलवाटा बांधांच्या माथ्यावरून किंवा पायथ्याने जातात. बांधांची देखभाल ‘वॉटरस्खाप’ नावाच्या जलमंडळांकडे असते. ही मंडळे त्या देशातील अत्यंत जुन्या लोकनियुक्त संस्थांपैकी होत; राइनलँड येथील मंडळाचा इतिहास तेराव्या शतकापर्यंत मागे जातो. त्यांच्या निवडणुका दर चार वर्षांनी होतात आणि ती स्वतःचा कर स्वतः वसूल करतात. उत्तर हॉलंड आणि झीलंड या भागांत तर गावाबाहेरील अनेक रस्ते व सायकलवाटा यांची जबाबदारीही याच मंडळांवर आहे. बांध फुटला तर काय होते, हे त्या लोकांनी अनुभवले आहे. १९५३ च्या ३१ जानेवारी ते १ फेब्रुवारीच्या रात्री समुद्राने बांध फोडले आणि नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली.

सायकलीबाबत मात्र या देशालाही एकदा विसर पडला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, रस्ते त्यांच्यासाठी रुंद झाले आणि सायकलस्वार कडेला लोटला गेला. १९७१ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत सुमारे ३,३०० माणसे दगावली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. ‘बालहत्या थांबवा’ या नावाने पालकांची चळवळ उभी राहिली. १९७३ च्या तेलटंचाईत रविवारी मोटारी बंद ठेवण्यात आल्या आणि मोकळे रस्ते कसे दिसतात, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. पुढील काळात वाहतुकीपासून अलग अशा सायकलवाटांचे जाळे विणले गेले. प्रवासी आज ज्या वाटेने आनंदाने जातो, तिचा पाया असा घातला गेला.

रायगडचा खारपट्टा

या मुलखाशी जवळचे साम्य असलेला प्रदेश महाराष्ट्रात आहे. रायगड जिल्ह्यातील अलिबाग व पेण तालुक्यांच्या खारपट्ट्यात उधाणाचे पाणी अडविणारे बांध, पावसाचे पाणी खाडीत सोडून भरतीचे पाणी रोखणाऱ्या उघाड्या, भातखाचरे आणि जिताड्याची तळी पाहावयास मिळतात. पोल्डर आणि खार यांतील मोठा फरक पाणी काढण्याच्या रीतीत आहे. तेथे पंप लागतो; येथे ओहोटीच उघाडीचे काम करते. हे बांध राखण्यासाठी पूर्वी शेतकरी ‘जोळ’ पद्धतीने एकत्र येऊन श्रमदान करीत. १९४८ चा खारभूमीविषयक कायदा आणि त्यानंतरचा १९७९ चा महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम यांमुळे शासकीय यंत्रणेकडे मोठी जबाबदारी आली. बांधाला खांड पडली की खारे पाणी शिरून शेत नापीक होते, आणि बांधाचा माथा हाच ज्यांचा रस्ता, त्यांची वाटही तुटते. बांधाची देखभाल ही केवळ पाटबंधाऱ्याची बाब नव्हे, असे म्हणावे लागते ते यासाठी.

या बाजूने सायकलीने फिरणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढली आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास जाणारी रो-रो नौका २०२० साली सुरू झाली. तेथून अलिबाग, रेवदंडा, मुरूड असे किनाऱ्याने उतरत जाता येते. पुढे आगरदांडा ते दिघी, वेसवी ते बागमांडले, दाभोळ ते धोपावे अशा खाड्या जंगलजेटीने ओलांडता येतात. नेदरलँड्समधील झीलंडमध्येही फ्लिसिंगन ते ब्रेस्केन्स ही नौका २००३ साली खाडीखालील बोगदा झाल्यापासून पादचारी व सायकलस्वार यांच्यासाठीच चालते. कोकणात मात्र रायगड ओलांडल्यावर घाट-चढ सुरू होतात आणि अरुंद रस्त्यावर सायकलीला वेगळी जागा नसते.

गोरेगावची पाणंद

गोरेगावच्या शिवारात समुद्र नाही आणि जमीनही पाटासारखी सपाट नाही. सायकलीला येथे अडवते ती काळी माती. या मातीतील चिकणकण पाणी शोषून फुगतात आणि उन्हात आकसून भेगाळतात. पावसाळ्यात ही माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये गच्च बसते, चाक फिरेनासे होते आणि मुलीला सायकल अक्षरशः खांद्यावर घ्यावी लागते. म्हणून काळ्या रानातील वाटेला प्रथम दोन्ही बाजूंनी चर, मग मुरमाचा थर आणि त्यावर दबाई आवश्यक असते. चर नसेल तर मुरूम दुसऱ्या पावसाळ्यात मातीत बुडतो. ओढ्यावर नळ्यांची मोरी हवी. डांबर हा त्यानंतरचा प्रश्न आहे.

या कामांसाठी वाटा नव्याने शोधाव्या लागत नाहीत. गावनकाशात गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी आणि पायमार्ग एका तुटक रेषेने दाखविलेला असतो. अडचण बहुधा अतिक्रमणाची असते. अशा वेळी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ अन्वये अडथळा दूर करण्याचे, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ अन्वये शेताच्या बांधावरून रस्ता देण्याचे अधिकार तहसीलदारांना आहेत. रोजगार हमीच्या निधीशी सांगड घालून शेत-पाणंद रस्त्यांची मातोश्री ग्रामसमृद्धी योजना २०२१ साली आखण्यात आली. प्रस्ताव करताना शेतमालाच्या वाहतुकीचा विचार होतो तो योग्यच. त्याबरोबर कोणत्या वस्तीवरून किती मुले सायकलीने शाळेत येतात, याची नोंद मुख्याध्यापकांकडून मागविल्यास कोणती पाणंद आधी घ्यावी, हे ठरविणे सुलभ होईल. क्रमांकाच्या फलकांना तर चुना आणि दगड एवढाच खर्च आहे.

सायकलीने दूर जाण्याची परंपरा आपल्याकडे नाही, असेही नाही. बाबा आमटे यांच्या १९८५-८६ च्या ‘भारत जोडो’ यात्रेत तरुणांनी कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत सायकली नेल्या होत्या. जिल्ह्यात कयाधूकाठचे नरसी हे संत नामदेवांचे गाव, तसेच औंढा नागनाथाचे मंदिर ही शालेय सायकल-सहलीसाठी उत्तम ठिकाणे आहेत. सोयाबीनची रास घरी आल्यानंतर, कार्तिक ते माघ या काळात पाणंदी कोरड्या असतात, ऊन सोसवते आणि वाराही बेताचा असतो. शिक्षकांनी गावनकाशा समोर ठेवून वर्गातच वाट आखावी आणि पंक्चरची पेटी व पंप यांसह दोन मोठी माणसे तुकडीच्या मागे ठेवावीत.